राणीला कोणाकडे न्यायचं?

प्रश्न

आमची राणी सात वर्षांची आहे. आई लॅब्रेडॉर, बाप गावठी. वाईपासून थोडं आत, शेतातल्या घरात आम्ही राहतो. गेल्या महिन्यात ती मलूल झाली, खाईना. गावात एक जण गुरांना-कुत्र्यांना घरी येऊन इंजेक्शनं देतात, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. त्यांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली, राणी उठली, जेवली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा आडवी. नाकातून रक्त आलं तेव्हा पुण्याचा मुलगा गाडी घेऊन आला आणि तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. रक्त तपासलं, प्लेटलेट्स फार कमी निघाल्या, गोचीड ताप म्हणाले. दोन दिवस ॲडमिट होती. बिल बघून ह्यांचा आवाजच बसला. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे द्यायला सांगितल्या होत्या, पण दहा-बारा दिवसांत राणी ठणठणीत झाली म्हणून मी परवा त्या बंद केल्या. गोळ्या पोटाला जड असतात म्हणे.

आता घरात वाद सुरू आहे. मुलगा म्हणतो, यापुढे सगळं पुण्यालाच, वर्षाचं पॅकेज घेऊन टाकू. हे म्हणतात, आपल्या लहानपणी कुत्र्याला कोण डॉक्टरकडे न्यायचं? आणि न्यायचंच तर सरकारी दवाखाना आहे की. वाईत एका तरुण डॉक्टरांचं छोटं क्लिनिक आहे, तिथे मी एकदाच लसीसाठी गेले होते. त्यात पुण्याच्या डॉक्टरांनी गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला दिलाय. कोणाचं ऐकू?

— एक ताई, वाई तालुका

उत्तर

ताई, वादाचं नंतर बघू. आधी गोळ्या.

हे उत्तर वाचून झालं की लगेच पुण्याच्या त्या हॉस्पिटलला फोन करा आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा: इतके दिवस दिल्या, अमुक दिवशी बंद केल्या. उरलेल्या गोळ्या पुढे चालू करायच्या की पुन्हा रक्त बघून ठरवायचं, हे ते सांगतील. ओरडा खावा लागला तर खा. एर्लिकियाच्या गोचीड तापात डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस देतात, त्याला कारण आहे. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून बसतो. ताप उतरतो, भूक लागते, शेपूट हलायला लागते, तेव्हाही तो प्लीहेत आणि हाडांच्या मगजात दबा धरून असू शकतो. काही कुत्र्यांमध्ये महिन्यांनी, कधी वर्षांनी तो पुन्हा डोकं वर काढतो आणि तोवर मगजाचं रक्त तयार करण्याचं कामच मंदावलेलं असतं. त्या टप्प्यावर आलेलं कुत्रं वाचवणं फार अवघड जातं.

गोळी पोटाला जड पडते हे मात्र खरं. उपाशीपोटी दिली तर उलटी होते. भाताच्या किंवा भाकरीच्या गोळ्यात घालून द्या, वर थोडं पाणी जाईल असं बघा. दुधातून देऊ नका, दुधाने औषध नीट अंगी लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. मला विचाराल तर घरातल्या प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे, फक्त इंजेक्शनवाले सोडून. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

त्यांनी काय टोचलं हे तुम्हाला माहीत नाही. पत्रात नाव नाही, कारण त्यांनी कागदावर काही लिहूनच दिलं नसणार. त्यामुळे मीही सांगू शकत नाही. पण अशा गोष्टींत नेहमी काय असतं ते सांगते: एक तापाचं, एक 'ताकदीचं', आणि बरेचदा त्यात स्टेरॉईड. स्टेरॉईडने ताप उतरतो, कुत्रं उठून जेवतं, घरातले म्हणतात काय हात आहे माणसाचा! दोन दिवसांनी असर उतरला की आजार होता तिथेच असतो, उलट मधल्या वेळेत पुढे सरकलेला असतो. आणि स्टेरॉईडबरोबर वेदनाशामक इंजेक्शनही दिलं असेल तर जठरात जखमा होऊन रक्तस्राव व्हायची भीती. आधीच प्लेटलेट्स कमी असलेल्या कुत्रीत हे म्हणजे फारच झालं.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 चा आहे आणि त्यानुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच व्यवसाय करता येतो. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक वगैरे मंडळी काही किरकोळ सेवा देऊ शकतात, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. ही मंडळी गावोगाव गुरांसाठी बरंच चांगलं काम करतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण निदान न करता आजारी कुत्र्याला सुई लावणं ही किरकोळ सेवा नव्हे. तुमचे गावातले गृहस्थ पदविकावाले आहेत की कोणा दवाखान्यात काही वर्षं मदतनीस होते, हे विचारून बघा. उत्तर काहीही आलं तरी राणीला त्यांचं इंजेक्शन नको. लससुद्धा नको. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलवरून, शर्टाच्या खिशातून आलेली रेबीजची लस टोचून घेण्यात काही अर्थ नाही. आणि रेबीजच्या बाबतीत ही चूक कुत्र्यापुरती राहत नाही, घरातल्या माणसांच्या जिवाशी येते.

मग राहतात तीन: वाईचं क्लिनिक, सरकारी दवाखाना आणि पुणे. तुमच्या घरात यांतला एक निवडायचा म्हणून भांडण चाललंय. मी तिन्ही ठेवीन, पण कामं वाटून.

राणीचे 'घरचे डॉक्टर' म्हणून वाईच्या त्या तरुण डॉक्टरांना मी पहिली संधी देईन. ते तरुण आहेत हा दोष नाही, क्लिनिक छोटं आहे हाही नाही. कुत्र्याच्या आयुष्यातलं बहुतेक काम छोट्या क्लिनिकमध्येच व्हायचं असतं: लस, जंताचं औषध, कान, कातडी, जुलाब, जखम, वजन. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तिच्यात झालेला बदल ओळखणं. गेल्या खेपेला 24 किलो होती, आज 21 का? हे ज्याने गेल्या खेपेला तिला वजनकाट्यावर उभं केलं होतं त्यालाच दिसणार. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात दर वेळी वेगळा डॉक्टर भेटायची शक्यता जास्त. यंत्रं भारी असतात, पण राणी त्यांच्यासाठी दर वेळी नवी.

तिच्या अंगात काही नसताना एकदा तिला तिथे घेऊन जा. लस आहेच वर्षाची, तेवढं निमित्त पुरे. आणि तिथे जरा बारकाईने बघा. डॉक्टर तिला वजनकाट्यावर उभं करतात का? ताप हाताने बघतात की थर्मामीटरने? ओठ वर करून हिरड्या बघतात का, मानेखालच्या गाठी चाचपतात का? गोचिडासाठी शेवटचं काय दिलं, कधी दिलं, हे विचारतात का? आपल्या भागात हे न विचारणारा डॉक्टर मला चालत नाही. औषध लिहून देतात की नुसत्या पुड्या हातात देतात? लिहिलेल्या कागदावर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे का? पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. असते, साडेपाच वर्षांची, आणि नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची, जिचं कार्यालय नागपूरला आहे. बहुतेक डॉक्टर प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. लस फ्रिजमधून तुमच्या समोर काढून, कुपीवरचं स्टिकर सोलून राणीच्या पुस्तकात चिकटवतात का, हेही बघा.

मग त्यांना दोन प्रश्न विचारा. रात्री काही झालं तर तुम्ही बघता का, आणि नाही तर कोणाकडे जायचं? गावाकडच्या एकट्या डॉक्टरला चोवीस तास दार उघडं ठेवता येत नाही, त्यामुळे 'नाही' हे उत्तरही चालेल, पण पुढचं नाव-पत्ता मिळाला पाहिजे. दुसरा प्रश्न: तुमच्या आवाक्याबाहेरचं काही असलं तर कुठे पाठवता? यावर जो डॉक्टर म्हणेल, 'माझ्याकडे सोनोग्राफी नाही, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो,' त्याला सोडू नका. आणि 'काही काळजी करू नका, सगळं इथेच होतं,' असं एका खोलीच्या दवाखान्यात बसून म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा नाही गेलात तरी चालेल.

एक तांत्रिक गोष्टही विचारा, कारण राणीला तिची गरज पडणार आहे. रक्त कुठे तपासलं जातं? बरेच जण नमुना शेजारच्या माणसांच्या लॅबमध्ये देतात. माणसांच्या रक्तासाठी लावलेलं यंत्र कुत्र्याच्या पेशी चुकीच्या मोजू शकतं. त्यात प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या तर आकडा आणखी खाली दिसतो. म्हणून यंत्राचा आकडा कमी आला की काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायला हवं. त्याच काचपट्टीवर नशीब असेल तर बबेसिया नावाचा दुसरा जंतू दिसतो. तोही गोचिडाकडूनच येतो, त्याची औषधं मात्र वेगळी. राणीला दोन्ही झाले होते का, हे पुण्याच्या रिपोर्टमध्ये बघा.

आता ह्यांचं म्हणणं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कमी लेखू नका. तिथले पशुधन विकास अधिकारी तीच पदवी घेऊन आलेले असतात. जखम, जंत, रेबीजची लस यांसाठी नाममात्र पैशांत काम होतं. पण त्यांची मुख्य जबाबदारी गाई-म्हशी-शेळ्यांची. लाळ्या-खुरकुताचं लसीकरण सुरू झालं की डॉक्टर दिवसभर गावांत. कुत्र्याच्या रक्ततपासणीची किंवा सलाईन लावून दिवसभर ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. शिवाय सगळे दवाखाने एका पायरीचे नसतात. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पदवीधर अधिकारी असतो, श्रेणी-2 मध्ये बहुधा पर्यवेक्षक. तुमच्या जवळचा कोणत्या श्रेणीचा आहे आणि साहेब किती वाजता भेटतात, हे ह्यांनाच विचारून यायला सांगा. घरात वाद घालणाऱ्या माणसाला एक काम दिलं की वाद निम्मा होतो.

आणि 'आपल्या लहानपणी कोण न्यायचं' याबद्दल. नव्हतंच कोणी नेत. पण तेव्हाची किती कुत्री दहा वर्षं जगली, हे ह्यांनी आठवून बघावं. पार्व्हो, जो आज पिल्लांचा काळ आहे, तो आजारच जगात 1978 च्या सुमारास दिसायला लागला. तेव्हाच्या आठवणींवर आजची कुत्री नाही सांभाळता येत.

तुमच्या बाबतीत या तिघांच्या जोडीला एक चौथी जागा आहे, जिचा पत्रात उल्लेखच नाही. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. सुरूरला हायवेला लागून, बोगद्यातून पलीकडे गेलात की खंडाळा आणि पुढे शिरवळ. पुण्याच्या निम्म्या वाटेवर. तिथे महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, शल्यचिकित्सा, औषधोपचार, प्रजनन अशा विषयांत एम.व्ही.एस्सी. आणि त्यापुढचं शिक्षण घेतलेले प्राध्यापक असतात आणि खर्च खासगीच्या मानाने बराच कमी. गैरसोयीही आहेत. थांबावं लागतं, राणीभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात, एकच प्रश्न तीन जण विचारतात. माझ्या मते ही गैरसोय फायद्याचीच आहे. तीन वेळा विचारल्यावर तुम्हाला एखादी विसरलेली गोष्ट आठवते. जाण्याआधी बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि सुट्ट्या विचारून घ्या. इतर वाचकांसाठी: अशी महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, अकोला इथेही आहेत, सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाईंच्या नावाचं जुनं रुग्णालय माहीत असतंच, आणि 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालयही सुरू झालंय.

आणि पुणे? पुणे हवंच. रक्त चढवायचं असेल, हाडात प्लेट घालायची असेल, सीटी स्कॅन, डोळ्याचं नाजूक ऑपरेशन, रात्रभर कोणीतरी शेजारी बसून बघणं, यांसाठी पुण्याला पर्याय नाही. नाकातून रक्त आलेल्या राणीला मुलाने तिकडे नेलं ते शंभर टक्के योग्य केलं, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. पण दर जुलाबाला पुणे म्हणजे दोन तास जायला, शनिवार असेल तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आणखी किती ते देव जाणे, आणि मे महिन्यात धापा टाकणारं कुत्रं मागच्या सीटवर. शिवाय इतक्या लांब जायचं म्हटलं की माणूस 'उद्या बघू' म्हणतो. लांबच्या डॉक्टरचा खरा तोटा हाच आहे: पैसे परवडले तरी माणूस उशिराच जातो.

पॅकेजचं म्हणाल तर कागद समोर घेऊन बसा. त्यात जे जे लिहिलंय त्यातलं तुम्ही एरवीही केलंच असतं असं काय? वर्षाच्या लसी, जंताचं औषध, एखादी रक्ततपासणी. ही सगळी वाईत किती पैशांत होतात ते विचारा आणि बेरीज करा. 'अमुक टक्के सूट' हे कलम बेरजेत धरू नका, ती सूट मिळवायला आधी आजारी पडावं लागतं. सात वर्षांच्या कुत्रीची वर्षातून एकदा रक्त, लघवी, यकृत, मूत्रपिंड अशी तपासणी करावी, हे मात्र माझंही मत आहे. त्यासाठी वर्षाकाठी एकदा पुण्याला, मुलाची भेट आणि तपासणी एकत्र, हे मला पटेल.

मोठ्या बिलाचा धक्का पुढच्या वेळी टाळायचा असेल तर ॲडमिट करतानाच विचारायचं: आज रात्रीपर्यंत अंदाजे किती, आणि कोणती तपासणी किंवा उपचार करण्याआधी आम्हाला फोन कराल? चांगली हॉस्पिटलं याचं उत्तर लेखी देतात. 'आमच्याकडे एवढेच आहेत, यात सगळ्यात गरजेचं काय?' हे विचारायला लाजू नका. डॉक्टरला ते रोज ऐकायची सवय असते आणि बहुतेक वेळा मार्ग निघतो.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात वरची सगळी वाटणी बाजूला ठेवायची. तुम्ही शेतात राहता. नाग, घोणस तुमच्या बांधावर असणारच, आणि कुत्री त्यांच्या अंगावर धावून जातात. सापाने चावलेल्या कुत्रीला घेऊन पुण्याला निघू नका. जिथे प्रतिविष आहे ती जवळात जवळची जागा गाठायची. माणसांना देतात तेच बहुविध प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. ते वाईत किंवा साताऱ्यात कोणत्या पशुवैद्यकाकडे असतं, किंवा ते कुठून मागवतात, हे आजच विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. चावल्यावर दोरी आवळणं, चिरा देणं काही करू नका. तिला चालू न देता उचलून गाडीत घाला आणि निघताना फोन करा. उंदराचं किंवा फवारणीचं औषध खाल्लं तरी तेच, आणि औषधाची पिशवी किंवा बाटली बरोबर घ्या. उंदराच्या औषधाने तर कधी कधी दोन-चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा 'खाल्लं पण काही झालं नाही' म्हणून थांबू नका.

आणखी कशाला ताबडतोब निघायचं? पोट फुगून ढोलासारखं झालंय, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही. आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा दिवसात दुसऱ्यांदा आली. लघवी होत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक.

हिरड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण हे घरी बघता येतं आणि राणीच्या बाबतीत रोज बघायला हवं. तिच्या बाजूला बसा, समोरून वाकू नका. वरचा ओठ हलकेच उचला. सुळ्याच्या वरची हिरडी गुलाबी, ओलसर दिसली पाहिजे. अंगठ्याने ती दाबा, सोडा. दाबलेली जागा पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. बारीक लाल ठिपके दिसले, टाचणी टोचल्यासारखे, तर प्लेटलेट्स पुन्हा घसरल्याची शंका घ्या. गावठी रक्ताच्या कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. मग खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पोटाच्या खालच्या, केस नसलेल्या भागावरही ठिपके आहेत का बघा.

थर्मामीटर घरात ठेवा, साधा डिजिटल, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील पण लवकर बीप करणारा, आणि त्यावर 'राणी' लिहून ठेवा म्हणजे तो माणसांच्या तोंडात जाणार नाही. टोकाला खोबरेल लावून गुदद्वारातून बघायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्याला ते तापासारखं वाटतं आणि लोक घाबरून पॅरासिटामॉल नाहीतर कॉम्बिफ्लॅम देतात. माणसाची एकही तापाची-अंगदुखीची गोळी तिला देऊ नका. आयबुप्रोफेनने, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. 103 च्या वर गेलं की वाईच्या डॉक्टरांना फोन, 104 च्या वर असेल तर फोन करता करता गाडी काढा.

गोचिडांचं काय करताय, हे तुम्ही लिहिलं नाहीत. एवढा खर्च ज्याच्यामुळे झाला त्याचाच पत्रात पत्ता नाही! कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यातला बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतोच. भिंतीच्या फटीत, पडवीच्या वाशात, तिच्या गोणपाटाखाली असतो आणि भूक लागली की अंगावर चढतो. म्हणून अंगावरचे ओढून काढणं पुरत नाही. महिन्याला एक, किंवा बारा आठवड्यांना एक, अशा चघळायच्या गोळ्या मिळतात, वजनाप्रमाणे. महाग वाटतात. पुण्याच्या बिलाशेजारी ठेवून बघा. तिला कधी आकडी आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा. गोणपाट जाळा, फटी बुजवा. आणि गोठ्यातलं गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात घालून राणीला लावू नका; त्यातून विषबाधा झालेली कुत्री मी दर पावसाळ्यात बघते.

राहता राहिली पिशवी. पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, घाई मात्र नको. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या कुत्रीत माजावर येऊन गेल्यानंतर साधारण एक-दोन महिन्यांत पिशवीत पू व्हायचा धोका असतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. खूप पाणी पिते, खात नाही, मागून घाण स्राव येतो. कधी पिशवीचं तोंड बंद असेल तर स्रावही येत नाही आणि नुसतं पोट वाढतं. मग तेच ऑपरेशन आजारी कुत्रीवर, रात्री-बेरात्री करावं लागतं. त्यापेक्षा ठरवून, धडधाकट असताना केलेलं कधीही चांगलं. लहान वयात नसबंदी केल्याने स्तनाच्या गाठी टळतात, तो फायदा सातव्या वर्षी फारसा उरत नाही. पायोमेट्रा मात्र टळतोच.

पण प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याशिवाय तिच्या पोटाला ब्लेड लागता कामा नये. गोळ्यांचा कोर्स पुरा होऊ द्या, मग रक्त तपासा, आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने पुन्हा एकदा. ती नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर साधारण दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. शिरवळला करा किंवा पुण्याला, विचारायचं हे: भूल कोण देणार, ऑपरेशन करणारे डॉक्टरच की दुसरं कोणी? श्वासनलिकेत नळी घालतात का, सलाईन चालू असतं का, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण बसतं, घरी कधी सोडतात? वाईचे डॉक्टर 'मी करतो' म्हणाले तर त्यांनाही हेच. उत्तरं नीट मिळाली तर त्यांच्याकडे करायलाही माझी ना नाही.

सगळे कागद एका फाइलीत ठेवा: पुण्याचे रिपोर्ट, लसीचं पुस्तक, आणि एका वहीच्या पानावर तारीख, वजन, दिलेलं औषध. पुण्याच्या रिपोर्टची प्रत या आठवड्यातच वाईच्या डॉक्टरांना नेऊन द्या. गोळ्यांबद्दल पुण्याहून काय सांगितलं ते कळवा, आणि कोर्स संपल्यावरचा प्लेटलेट्सचा आकडाही. पिशवीची तारीख त्यानंतर ठरवू.